मिस करतोय

"माझ्या बाबांनी जीव दिला," मुलगी खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली. "तो माझ्यामुळे दिला का, एवढंच मला सांगा."

दुभाषीबाईंनी तिच्यासमोर पाण्याचा पेला सरकवला. भाऊजींनी खिडकी लावून घेतली, कारण रस्त्यावर कुणाचं तरी भांडण रंगात आलं होतं आणि एका वेळी एकच दुःख ऐकावं, असं त्यांचं मत होतं.

दुभाषीबाईंचं उभं आयुष्य कोर्टात दुभाष्याचं काम करण्यात गेलं. साक्षीदार एका भाषेत बोलणार, न्यायाधीश दुसऱ्या भाषेत ऐकणार, आणि मधे या. माणसं बोलतात त्यापेक्षा ऐकतात जास्त चुकीचं, हा धडा तिथे गिरवून त्या निवृत्त झाल्या आणि खासगी तपासाची पाटी लावली. भाऊजी त्यांचे धाकटे दीर. निवृत्त कंपाउंडर, मनाने सोन्यासारखे. फक्त निदान करायची घाई त्यांना डॉक्टरांपेक्षा जास्त.

मुलीने सांगितलं ते असं. तिचे बाबा मोटार मेकॅनिक. मोठे मिस्त्री म्हणून सगळा भाग त्यांना ओळखायचा. आई लहानपणीच गेली, मुलगी गॅरेजमध्येच वाढली. हीच पुढे गॅरेज सांभाळेल असं बाबा धरून चालले होते. तिला मात्र नखांत काळं न जाणारी नोकरी हवी होती. तीन वर्षांपूर्वी ती दुसऱ्या शहरात एका इस्पितळाच्या चौकशी खिडकीवर लागली. बाबा "जा" म्हणाले, आणि त्यानंतर जवळजवळ काहीच म्हणाले नाहीत. महिन्याकाठी फोन व्हायचा. जेवलीस का, जेवले, ठेवतो.

पंधरवड्यापूर्वी ते गॅरेजमध्ये मेलेले सापडले. शटर पूर्ण खाली, आत गाडीचं इंजिन पेट्रोल संपेपर्यंत चाललेलं. धुराने गुदमरून गेले, असं डॉक्टर म्हणाले. शटर लावून आत इंजिन चालू ठेवणं म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

"आणि त्याच संध्याकाळी त्यांनी मला फोन केला होता," मुलगी म्हणाली. "म्हणाले, तुझी खूप आठवण येते."

"'आठवण' हा शब्द वापरला?"

"म्हणजे... 'मिस करतोय' म्हणाले. तेच ना?"

"तेच नाही," दुभाषीबाई म्हणाल्या. "तू सांग, मी लावते अर्थ. शब्द बदलू नकोस. जसं ऐकलंस तसं सांग."

मुलीने डोळे मिटले. "आवाज फाटत होता. मागे घरघर होती. आधी 'तीन' असं काहीतरी ऐकू आलं. तीन वर्षं झाली ना मला जाऊन. मग 'मिस करतोय गं'. मग म्हणाले, 'ऐक, ऐक जरा.' आणि पुढे काही बोललेच नाहीत. नुसती घरघर. मला वाटलं, कंठ दाटून आला असेल."

"'तुला' मिस करतोय, असं म्हणाले?"

"'तुला'..." ती अडखळली. "'तुला' नाही ऐकू आलं मला. पण दुसऱ्या कुणाला करणार?"

"पुढे?"

"मी म्हटलं, मी पण मिस करते, बाबा. त्यांना कळलंच नाही. 'काय म्हणालीस?' म्हणाले. मग ओरडून सांगावं लागलं. खिडकीसमोरची रांग माझ्याकडे बघायला लागली. मग ते गप्प झाले. मग हसले थोडंसं. 'बरं' म्हणाले. 'बरं गं.' आणि फोन ठेवला." तिने पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरला होता, पण प्यायली नव्हती. "मी 'येते' म्हणायला हवं होतं. 'येते' म्हटलं असतं तर ते जगले असते. हवालदारांनी माझा जबाब घेतला आणि लगेच फाइल मिटली. शेवटचा निरोप घेतला, म्हणाले."

ती गेल्यावर भाऊजींनी सुस्कारा सोडला. "वहिनी, यात तपास कसला करायचा? पोरीला धीर द्यायचा आणि चार घास खाऊ घालायचे."

"भाऊजी, जीव द्यायला बसलेला माणूस 'बरं गं' म्हणताना हसेल?"

"हसेल की. मन हलकं झालं असेल."

"असेलही," दुभाषीबाई म्हणाल्या. "पण 'मिस' हा शब्द मला आवडत नाही. इंग्रजीतला बिनभरवशाचा भाडेकरू आहे तो. प्रत्येक घरात वेगळ्या नावाने राहतो."

*

गॅरेजच्या रस्त्यावर पाइपलाइनसाठी खोदकाम चाललं होतं. झाडांची पानं, दुकानांच्या पाट्या, उभ्या सायकली, सगळ्यांवर तांबूस धूळ बसली होती. भाऊजींनी नाकाला रुमाल लावला आणि तो नंतरही हातातून सोडला नाही.

गॅरेज म्हणजे एक लांबलचक शेड. पुढचा भाग धाकट्या भावाचा. तो गाड्यांना रंग मारायचा. मागचा भाग मोठ्या मिस्त्रींचा, इंजिनांचा. मधे जाड ताडपत्रीचा पडदा, रंगाचे फवारे मागे जाऊ नयेत म्हणून. पुढे मोठं शटर, मागे बाजूला एक छोटं दार. पोलिसांनी पहिल्या दिवशी कशालाही हात लावू नका म्हणून बजावलं होतं आणि नंतर काम कुणी सुरूच केलं नव्हतं, त्यामुळे सगळं त्या दिवशी होतं तसंच होतं.

पुढच्या भागात गडद निळी गाडी उभी होती, नव्याने रंगवलेली. पंधरवड्यात तिच्यावरही पातळ धूळ बसली होती. दुभाषीबाईंनी ओल्या फडक्याने टपाचा तुकडा पुसला आणि बोट फिरवलं.

"बघा भाऊजी."

भाऊजींनी वाकून पाहिलं. "भांग पाडावा इतका आरसा आहे! हात चांगला आहे रंगाऱ्याचा."

पडद्यामागे एका डॉक्टरांची जुनी गाडी होती, बोनेट उघडं. मिस्त्री तिथेच खाली सापडले होते. भाऊजींनी आत डोकं घातलं आणि लगेच बाहेर काढलं.

"वहिनी! एक वायर निघालेली आहे. प्लगची. चारांतली ही... तिसरी. कुणीतरी गाडीत घातपात केलाय!"

"आणि मोबाइल कुठे सापडला म्हणाले पोलीस?"

"तो इथेच, बॅटरीवर ठेवलेला होता."

दुभाषीबाई बराच वेळ त्या बॅटरीकडे बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "चला, शेजारी जाऊ."

*

शेजारी बालवाडी होती. ती चालवणाऱ्या बाईंना मुलं मिस म्हणत, मुलांचं बघून पालक मिस म्हणत, आणि आता त्यांचा नवराही मिसच म्हणत असे. गॅरेजचा धूर आणि आवाज यांवरून त्यांची मिस्त्रींशी दोन वर्षं जुंपलेली होती.

"तक्रार मी केली होती, लपवत नाही," मिस म्हणाल्या. "पण माणूस वाईट नव्हता हो. भांडायचं म्हटलं तरी त्यांच्याशी भांडता यायचं नाही. अलीकडे कानच गेले होते. मी बेंबीच्या देठापासून ओरडायची आणि ते डावा कान पुढे करून म्हणायचे, 'काय म्हणालात, मिस?' भांडणातली सगळी मजाच जायची."

"त्या दिवशी?"

"दुपारभर तो रंगाचा कंप्रेसर धडधडत होता. मुलं झोपेनात. मग तो थांबला आणि एकदम सगळंच शांत झालं. मला बरं वाटलं. एरवी कंप्रेसर थांबला तरी मिस्त्रींचं इंजिन घुरघुरतच असतं आमच्या सुट्टीपर्यंत. त्या दिवशी मुलं अशी झोपली की पालक आले तरी उठेनात." बाईंचा आवाज बारीक झाला. "मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले हो. आणि तिकडे ते..."

बाहेर आल्यावर भाऊजींनी दुभाषीबाईंचा हात धरला. "लक्षात येतंय का तुमच्या? पोरगी फोनवर काय ऐकते? 'मिस'! मिस्त्री मारेकऱ्याचं नाव सांगत होते! हीच ती मिस!"

"आणि 'मिस करतोय' म्हणजे 'मिस हे सगळं करतोय'? बालवाडीतल्या बाईंना 'करतोय' कोण म्हणेल, भाऊजी? 'करतायत' म्हणतील."

भाऊजींनी रुमाल पुन्हा नाकाला लावला.

*

धाकटा भाऊ गॅरेजसमोरच्या कट्ट्यावर बसला होता. पंधरवड्यात दाढी वाढली होती. मुलीचा हा काका. रंग मारून मारून त्याच्या भुवयासुद्धा निळसर झाल्या होत्या.

"त्या दिवशी मी रंग संपवला आणि गेलो," तो म्हणाला. "शटर वर होतं. दादा मागे काम करत होता. इंजिन चालू होतं."

"दादा घरी कसे जायचे?"

"संध्याकाळच्या गाडीने. कोपऱ्यावर बस थांबते."

"रंगाचं काम नाजूक असणार."

"नाजूक?" कामाचं निघाल्यावर तो जरा सैलावला. "ओल्या रंगावर धुळीचा एक कण बसू दे, सगळं घासून काढा आणि पुन्हा पहिल्यापासून. हातात मूल घेतल्यासारखं जपावं लागतं."

"तुमची पुतणी इथेच वाढली, नाही का?"

त्याचा चेहरा वितळला. "एवढीशी होती. बोनेटला कान लावायची आणि सांगायची, बाबा, दुसरा रडतोय, चौथा रडतोय. दादा तपासायचा, तर तसंच निघायचं. तिच्यासारखा कान मी पाहिला नाही. ती गेली आणि दादाचे कानही गेले, असंच म्हणा."

दुभाषीबाई उठता उठता सहज म्हणाल्या, "एक विचारू? तुम्ही तर गॅरेजमधली माणसं. 'मिस' म्हणजे काय हो?"

"गाडी चुकणं," तो पटकन म्हणाला. "बस हुकते ना, ते."

मग त्याचं तोंड उतरलं. दुभाषीबाईंनी ते पाहिलं आणि त्यांना त्याची कीव आली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सगळ्यांना गॅरेजमध्ये बोलावलं. मुलगी एका स्टुलावर बसली, मिस दाराशी उभ्या राहिल्या, काका ताडपत्रीला टेकला. भाऊजी शटरपाशी थांबले. कुणी पळालं तर अडवायला, असा त्यांचा समज होता.

"एका शब्दाने सगळा घोळ केलाय," दुभाषीबाई म्हणाल्या. "मिस. शाळेत बाई म्हणजे मिस. नेम हुकला तरी मिस. बस चुकली तर मिस झाली. माणसाची आठवण आली की मिस करतो. आणि गॅरेजमध्ये? भाऊजी, तुमची जुनी गाडी चढावर आचके देते तेव्हा मेकॅनिक काय म्हणतो?"

"म्हणतो, इंजिन मि..." भाऊजी थांबले. "अरे देवा. इंजिन मिस करतंय."

मुलीने मान वर केली.

"चारांपैकी एक सिलिंडर पेटायचा चुकला की इंजिन मिस करतं. कुठला चुकतो ते शोधायला एकेका प्लगची वायर काढून आवाज ऐकतात. इथे तिसरी वायर काढलेली होती. जीव द्यायचा असलेला माणूस चालू इंजिनाची वायर काढून दुरुस्ती कशाला करत बसेल? मिस्त्री काम करत होते. फक्त त्यांना ऐकू येत नव्हतं. तिसरा आहे असं वाटत होतं, पण खात्री होईना. उभ्या आयुष्यात असा एकच कान त्यांना माहीत होता, जो चुकत नाही."

"नाही," मुलगी पुटपुटली.

"त्यांनी तुला फोन लावला. 'तीन नंबर मिस करतोय गं,' म्हणाले. 'ऐक जरा.' कंठ दाटून नव्हता आला, पोरी. त्यांनी मोबाइल इंजिनापाशी धरला होता. बॅटरीवरच तर सापडला. तू ऐकलीस ती घरघर त्यांना तुला ऐकवायचीच होती."

मिसने पुढे होऊन मुलीच्या खांद्यावर हात ठेवला.

"मग शटर कुणी लावलं?" भाऊजींना राहवेना.

"निळी गाडी बघितलीत ना? बाहेर एवढी धूळ, आणि रंगात एक कण नाही. काकांच्या सांगण्याप्रमाणे ते गेले तेव्हा शटर वर होतं. तसं असतं तर ओला रंग खरखरीत झाला असता. आणि मूल जपावं तसा रंग जपणारा माणूस तो धुळीत उघडा टाकून जाईलच कसा? ते म्हणाले, इंजिन चालू होतं. पण मिसना कंप्रेसर थांबताच सगळं शांत वाटलं. म्हणजे त्या वेळी इंजिन बंद होतं, आणि पुन्हा चालू झालं तोवर शटर पडलेलं होतं, म्हणून त्याचा आवाज बाहेर गेला नाही." त्या काकाकडे वळल्या. "दादांनी पडद्यामागून तुम्हाला काय ओरडून सांगितलं? गॅरेजमधल्या माणसाला 'मिस' म्हटल्यावर आधी इंजिन आठवायला हवं. तुम्हाला बस आठवली."

काका ताडपत्री धरून खाली बसला.

"'गाडी मिस होतेय,'" तो म्हणाला. "एवढंच. माझ्या तोंडाला मास्क, कंप्रेसर चालू. मला वाटलं, बस चुकतेय म्हणतोय. मी ओरडलो, 'मग पळ!' त्याला काय ऐकू आलं कुणास ठाऊक. रंग संपवून कंप्रेसर बंद केला तर मागे काहीच आवाज नाही. मला वाटलं, गेला छोट्या दाराने. मी शटर ओढलं, तेही हळूच, धूळ उडू नये म्हणून. आणि त्याच छोट्या दाराने गेलो. पडदा बाजूला करून एकदा बघितलंसुद्धा नाही हो. ट्यूबलाइट तर दिवसभर चालूच असते आमची."

"ते वायर जोडत किंवा काढत असतील, इंजिन बंद करून," दुभाषीबाई हळूच म्हणाल्या. "नंतर चालू केलं. पडद्याआड शटर पडलेलं त्यांना दिसलं नाही, ऐकू तर येणारच नव्हतं. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो म्हणतात."

"वास येत नाही," भाऊजी म्हणाले. त्यांनी रुमालाने डोळे टिपले.

मुलगी काकाकडे बघत होती. "सकाळी तुम्हीच शटर उघडलंत. तुम्हाला तेव्हाच कळलं."

"कळलं."

"आणि मी आल्या आल्या तुमच्या गळ्यात पडून म्हटलं, काका, मी मारलं बाबांना."

"तू म्हणालीस फोन आला होता, तो मिस करत होता," काका म्हणाला. "मला वाटलं, मग खरंच त्यानेच केलं असेल. मला तसंच वाटून घ्यायचं होतं. मी सुटलो, पोरी. तुझ्या डोक्यावर ठेवलं आणि मी सुटलो. पंधरा दिवस इथे बसून तुझ्याकडे बघतोय. तू जेवत नाहीस आणि मी तोंड उघडत नाही."

मुलगी ओरडली असती तर सगळ्यांनाच सोपं गेलं असतं. काका जमिनीकडे बघत राहिला, आणि भाऊजी शटरपासून दूर झाले, कारण कुणीच पळणार नव्हतं.

"म्हणजे त्यांनी जीव दिला नाही," मुलगी शेवटी म्हणाली.

"नाही. खात्रीने नाही."

"आणि ते मला मिस करत नव्हते."

दुभाषीबाईंनी कोर्टात कधी साक्षीतला शब्द गोड करून सांगितला नव्हता. आत्ता तो मोह त्यांना झाला. पण त्यांनी तो आवरला.

"त्या वाक्यात नाही," त्या म्हणाल्या. "ते वाक्य इंजिनाचं होतं. पण तू उत्तर दिलंस ते इंजिनाला नाही दिलंस. तीन वर्षांत 'जेवलीस का'च्या पुढे न गेलेला माणूस. त्याने सिलिंडर विचारला आणि कानावर आलं, मी पण मिस करते, बाबा. त्याला खरं वाटलं नाही म्हणून त्याने पुन्हा विचारलं, आणि तू रांगेसमोर ओरडून सांगितलंस. म्हणून हसला तो. काय बोलावं ते त्याला सुचलं नाही आणि चूक दुरुस्तही करावीशी वाटली नाही. 'बरं' म्हणाला."

मुलगी उठली. काकासमोर जाऊन उभी राहिली. त्याला वाटलं, ती मारणार. तिने त्याच्या दंडाला धरलं.

"उठा. चौकीवर जायचंय. आधी तुम्ही सांगायचं, मग मी सांगते. बाबांच्या नावावर हे राहू देणार नाही मी."

*

चौकीत काकाचा जबाब बराच वेळ चालला. तो स्पष्ट बोलला, काही झाकलं नाही. मग हवालदारांनी मुलीला बोलावलं. दुभाषीबाई आणि भाऊजी मागच्या बाकावर बसले होते.

"आधीच्या जबाबात तुम्ही म्हणता, वडील म्हणाले 'मला तुझी खूप आठवण येते'," हवालदार कागद चाळत म्हणाले. "हे बदलायचं?"

दुभाषीबाईंना तिची पाठ दिसत होती. जीव देणाऱ्या बापाची मुलगी म्हणून तिला राहायचं नव्हतं, पण त्यासाठी हे एक वाक्य परत करावं लागणार होतं. तीन वर्षं वाट बघून मिळालेलं दुसरं काही तिच्याकडे नव्हतं.

"बदला," ती म्हणाली. "तसं ते म्हणाले नाहीत. 'तीन नंबर मिस करतोय गं, ऐक जरा,' असं म्हणाले. गाडीबद्दल बोलत होते. माझ्याबद्दल नाही."

हवालदारांनी लिहिलं. मग पेन थांबवून, फक्त जबाब पूर्ण व्हावा म्हणून, विचारलं, "त्यावर तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, मी पण," मुलगी म्हणाली. हवालदारांनी मान वर न करता तेही लिहून घेतलं, आणि बाप गेल्यापासून पहिल्यांदाच ती रडायला लागली.